जीव घाबरतो तेव्हा

"डॉक्टर, जीव घाबरतो."

छातीच्या विकारांच्या ओपीडीत एका सकाळी हे वाक्य कितीतरी वेळा कानावर पडतं. कधी ते गिरणीतून निवृत्त झालेल्या कामगाराचं असतं, कधी चुलीपुढे चाळीस वर्षं काढलेल्या आजीचं, तर कधी कबुतरांनी भरलेल्या गॅलरीशेजारी राहणाऱ्या पस्तिशीतल्या बाईचं. डॉक्टर ऐकतात आणि केसपेपरवर लिहितात, 'धाप लागते'. लिहिलेलं बरोबर असतं, पण अर्धंच. मराठीत जीव घाबरणं म्हणजे श्वास न पुरणं, आणि जीव घाबरणं म्हणजे भीती वाटणंही. सांगणाऱ्याला या दोन गोष्टी वेगळ्या जाणवतच नाहीत, म्हणून तो एकाच शब्दात दोन्ही सांगून मोकळा होतो. केसपेपरवर त्यांतली एकच उतरते आणि तिच्यावरच औषध मिळतं. दुसरी गोष्ट औषधांच्या पिशवीबरोबर जशीच्या तशी घरी परत जाते.

पुढच्या पानांचा विषय ही घरी परत जाणारी गोष्ट आहे. सीओपीडी, दमा, फुप्फुसांचं तंतुमय होणं, ब्राँकिएक्टॅसिस (म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावणं), क्षयरोग बरा झाल्यानंतर मागे राहिलेली फुप्फुसांची हानी अशा आजारांबरोबर माणसं दहा-दहा, वीस-वीस वर्षं जगतात. त्या वर्षांत त्यांच्या मनाचं काय होतं, आणि त्यासाठी काय करता येतं, हे इथे मांडायचं आहे.

सुरुवात शरीरापासूनच करावी लागेल. सीओपीडीत हवेच्या वाटा अरुंद झालेल्या असतात आणि फुप्फुसांचा ताणून परत येण्याचा गुण कमी झालेला असतो. हवा आत जाते, पण बाहेर पडायला तिला फार वेळ लागतो. माणूस जिना चढू लागला की श्वास जलद होतो आणि आधीची हवा पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. प्रत्येक श्वासाला थोडी थोडी हवा आत अडकत जाते. छाती फुगलेलीच राहते, श्वासाचा मुख्य स्नायू असलेला पडदा खाली दबून सपाट होतो आणि ताज्या हवेला जागाच उरत नाही. निरोगी वाचकाला हे क्षणभर अनुभवता येतं. छाती भरून श्वास घ्यावा, त्यातला थोडासाच सोडावा आणि त्याच्यावर पुन्हा श्वास घ्यावा. असं चार-पाच वेळा केलं की खांदे वर चढतात, मान ताठ होते आणि बसल्या जागी अस्वस्थ वाटू लागतं. निरोगी माणूस इथे थांबू शकतो. आजारी माणसाला मात्र बाजारातून भाजीची पिशवी घेऊन येताना, नाहीतर न्हाणीघरात डोक्यावरून पाणी घेताना हे सोसावं लागतं, आणि तेव्हा थांबणं त्याच्या हातात नसतं.

श्वास अडला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. हे जन्मजात आहे, त्यात भित्रेपणाचा संबंध नाही. घंटा वाजली की छाती धडधडते, स्नायू आवळतात, श्वास आणखी जलद आणि उथळ होतो. श्वास जलद झाला की आणखी हवा अडकते आणि धाप वाढते. इंग्लंडमध्ये केंब्रिज इथे धाप लागणाऱ्या रुग्णांसाठीच काम करणाऱ्या पथकाने याची तीन चक्रांत मांडणी केली आहे. पहिलं चक्र श्वासाचं, दुसरं विचारांचं आणि तिसरं हालचालीचं. तिसरं सगळ्यांत गुपचूप फिरतं. धापेच्या भीतीने माणूस चालणं कमी करतो, न वापरल्याने पायांचे स्नायू झिजतात, झिजलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त प्राणवायू लागतो, आणि महिन्याभरापूर्वी ज्या अंतराला धाप लागत नव्हती त्या अंतरालाही ती लागू लागते. आजार वाढला असं घरच्यांना वाटतं. पुष्कळदा आजार तेवढाच असतो, वाढलेली असते ती बसून राहण्याची सवय.

हा काही मूठभर माणसांचा प्रश्न नाही. देशभरच्या आजारांचा हिशेब मांडणाऱ्या एका मोठ्या अभ्यासानुसार २०१६ साली भारतात सीओपीडीचे सुमारे ५ कोटी ५३ लाख रुग्ण होते. १९९० साली हाच आकडा २ कोटी ८१ लाख होता. दम्याचे रुग्ण आणखी ३ कोटी ७९ लाख. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा १८ टक्के, पण दीर्घकालीन श्वसनविकारांमुळे जगाला सोसाव्या लागणाऱ्या भारात आपला वाटा ३२ टक्के, असं त्याच अभ्यासाने नोंदवलं. आणि हे सगळे विडी-सिगारेट ओढणारे नाहीत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये काम केलेल्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ साली 'द लॅन्सेट'मध्ये लिहिलेल्या लेखात हा मुद्दा ठळकपणे मांडला होता. जगात तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी, तर लाकूडफाटा, गोवऱ्या, पिकांचे अवशेष अशा इंधनांच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. आपल्याकडे त्या ३०० कोटींतल्या कितीतरी बायका आहेत. त्यांनी आयुष्यात कधी विडीला हात लावलेला नसतो, आणि 'मला का?' या प्रश्नाचं उत्तर त्यांना कोणी नीट दिलेलंही नसतं.

शहरांत वेगळी कारणं दिसतात. फुप्फुसांच्या ऊतींना सूज आणणाऱ्या आजारांची भारतातल्या रुग्णालयांनी मिळून केलेली नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांचा आजार श्वासातून आत जाणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या अतिसंवेदनशीलतेतून उद्भवलेला होता. एअर कूलर, पक्षी, बुरशी ही त्यामागची घरगुती कारणं. रोज सकाळी श्रद्धेने कबुतरांना दाणे टाकणाऱ्या माणसाला, हेच आजाराचं कारण असू शकतं असं सांगितलं जातं, तेव्हा त्याची फक्त एक सवय सुटत नाही. रोजचं पुण्यकर्मच अंगावर उलटल्याची भावना त्याला घेरते, आणि त्याबद्दल बोलायला दवाखान्यात कोणी नसतं.

या आजारांत माणूस एकेक गोष्ट सोडत जातो, तीही इतकी सावकाश की सुटलेलं कळत नाही. आधी किल्ल्याच्या पायऱ्या सुटतात. मग देवळाच्या. मग लग्नात पंगतीत वाढायला उभं राहणं, नातवाला कडेवर घेणं, फोनवर लांबलचक बोलणं. शेवटी वेणी घालणं, साडी नेसणं, सदऱ्याची बटणं लावणं. धाप मोजायची जी पट्टी आज जगभर वापरली जाते, तिचं मूळ विसाव्या शतकाच्या मध्यावर वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या अभ्यासात आहे. डॉ. चार्ल्स फ्लेचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राऐवजी साध्या प्रश्नांवर भर दिला. चढावर धाप लागते का? बरोबरीच्या माणसांपेक्षा हळू चालावं लागतं का? सपाटीवर शंभरेक मीटर चाललं की थांबावं लागतं का? सगळ्यांत वरच्या पायरीवर असतात ते धापेमुळे घराबाहेर पडू न शकणारे, किंवा कपडे बदलतानाही धाप लागणारे. ही पट्टी फुप्फुसांची आहे, पण तिची प्रत्येक पायरी माणसाच्या जगाचा आकार सांगते. आधी गाव, मग गल्ली, मग घर, मग खाट.

त्यातच लाज मिसळते. इन्हेलर, म्हणजे बोलीभाषेतला 'पंप', आजही पदराआड किंवा खिशात लपवून घेतला जातो. 'पंपाची सवय लागते' हा समज इतका पक्का आहे की कितीतरी घरांत मुलीचं लग्न ठरेपर्यंत तिचा दमा बोललाच जात नाही. खरं तर इन्हेलरमधून औषध थेट श्वासमार्गात पोहोचतं, त्यामुळे गोळीच्या तुलनेत त्याची मात्रा फारच कमी लागते. कोविडनंतर खोकल्याबद्दलही लाज आली. एसटीत किंवा लोकलमध्ये खोकल्याची उबळ आली की शेजारचा माणूस तोंड फिरवतो, सरकून बसतो. आपला खोकला संसर्गाचा नाही हे प्रत्येकाला पटवून देत बसण्यापेक्षा घरी थांबलेलं बरं, असं वाटू लागतं.

ज्यांनी खरोखर धूम्रपान केलं, त्यांच्या वाट्याला अपराधीपणही येतं. 'स्टार ट्रेक' मालिकेत स्पॉकचं काम करणारे अभिनेते लेनर्ड निमॉय यांनी २०१४ साली आपल्याला सीओपीडी झाल्याचं जाहीर केलं. सिगारेट सोडून तीस वर्षं झाली, तरी सोडायला उशीरच झाला, असं त्यांनी चाहत्यांना सांगितलं आणि तुम्ही आजच सोडा अशी विनवणी केली. २०१५ च्या फेब्रुवारीत ते गेले. निमॉय यांना आपला पश्चात्ताप इतरांच्या उपयोगी आणता आला. घरात रोज 'तेव्हा सांगत होते, ऐकलं नाहीत' हे ऐकणाऱ्या माणसाला तो मुकाट्याने गिळावा लागतो.

मराठी माणसाला दमेकरी काही अनोळखी नाहीत. गोपाळ गणेश आगरकर दम्याने बेजार असत. त्याच अवस्थेत त्यांनी १८८८ साली 'सुधारक' सुरू केलं, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवलं, प्राचार्यपद सांभाळलं, आणि १८९५ साली अवघ्या ३९ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या विचारांवर आणि वादांवर सव्वाशे वर्षं लिहिलं गेलं. उशीला टेकून, बसून काढलेल्या रात्रींबद्दल फार थोडं. आजारी माणसाचं काम समाजाला दिसतं, त्या कामासाठी आतून काय मोजावं लागलं ते दिसत नाही. घरोघरी आजही हेच चालू आहे.

आता नैराश्याकडे. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले तर सीओपीडीच्या साधारण चौघांपैकी एका रुग्णात नैराश्याची लक्षणं आढळतात. त्याच वयाच्या निरोगी माणसांत हे प्रमाण बरंच कमी असतं. चिंताविकार आणि अचानक येणारे भीतीचे झटकेही या रुग्णांत इतरांपेक्षा जास्त दिसतात. याचा परिणाम मनापुरता राहत नाही. मन खचलेला रुग्ण इन्हेलर वेळेवर घेत नाही, चालणं सोडतो, जेवण टाळतो, आणि वारंवार रुग्णालयात दाखल होतो.

तरीही हे ओळखलं का जात नाही? एक कारण असं की दोन्ही आजारांची लक्षणं एकमेकांत मिसळलेली असतात. थकवा, झोप न लागणं, भूक मरणं, वजन उतरणं, कशात उत्साह नसणं ही सगळी फुप्फुसांच्या आजाराचीही लक्षणं आहेत आणि नैराश्याचीही. हा पेच लक्षात घेऊन झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी १९८३ साली एक छोटी प्रश्नावली तयार केली. रुग्णालयातल्या रुग्णांची चिंता आणि नैराश्य मोजणारी ही 'हॅड्स' प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात शारीरिक आजारामुळेही उद्भवू शकणारी लक्षणं मुद्दाम वगळली आहेत. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी आजही आवडतात का, विनोदावर हसू येतं का, काहीतरी भयंकर घडणार असं वाटत राहतं का, अशा अंगाने ती विचारते. एवढाही वेळ नसेल तर दोन प्रश्न पुरतात: गेल्या पंधरा दिवसांत उदास, निराश वाटत होतं का, आणि एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला होता का? विचारायला एक मिनिट लागतं.

दुसरं कारण औषधांत दडलेलं आहे, आणि ते प्रत्येक रुग्णाला माहीत असायला हवं. आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते. हे अगदी भीतीच्या झटक्यासारखंच वाटतं, म्हणून रुग्ण घाबरतो आणि घाबरून पुन्हा पंप घेतो. आजार उफाळला की दिल्या जाणाऱ्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते, चिडचिड होते, कधी मन उगाच उंच उडतं आणि मग कोसळतं. दम्यासाठी आणि सर्दी-शिंकांसाठी आपल्याकडे सर्रास लिहिल्या जाणाऱ्या माँटेलुकास्टवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण काही रुग्णांत त्याने मनःस्थिती बिघडते आणि आत्महत्येचे विचारही येऊ शकतात. याचा अर्थ ही औषधं स्वतःहून बंद करावीत असा अजिबात नाही. स्टिरॉइड एकदम थांबवणं तर धोक्याचं असतं. गोळी सुरू झाल्यापासून मन बदललं असेल तर ते डॉक्टरांना सांगावं, इतकंच. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. आजार फार पुढे गेलेल्या रुग्णात त्या श्वास मंदावू शकतात, म्हणून शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी कधी घेऊ नये.

मग उपयोगी काय पडतं? सगळ्यांत भक्कम पुरावा फुप्फुस पुनर्वसनाचा आहे. साधारण सहा ते बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा किंवा अधिक वेळा रुग्ण एकत्र येतात. चालणं, सायकल, हातापायांच्या ताकदीचे व्यायाम, श्वासाची तंत्रं आणि आजाराबद्दल मोकळं बोलणं असा कार्यक्रम असतो. २०१५ साली कॉक्रन संस्थेने ६५ चाचण्यांतल्या ३,८२२ रुग्णांचे निष्कर्ष एकत्र तपासले. धाप आणि थकवा तर कमी झालाच, शिवाय रुग्णांची मनःस्थिती सुधारली आणि आजार आपल्या आटोक्यात आहे ही भावनाही वाढली. पुरावा इतका पक्का ठरला, की पुनर्वसनाची साध्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरज नाही, असं कॉक्रनच्या संपादकीयातच म्हटलं गेलं. याचं कारण समजायला अवघड नाही. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं याची चाचणी ३० मीटरच्या व्हरांड्यात घेतात. पहिल्या दिवशी तीनदा थांबलेला माणूस दोन महिन्यांनी न थांबता चालतो, तेव्हा श्वासमापन यंत्रावरचा आकडा कदाचित तोच असतो. पण धाप लागली म्हणजे मरण आलं असं नाही, ती येते आणि ओसरतेही, हे त्याच्या शरीराला कळलेलं असतं. शेजारी चालणाऱ्या, तितक्याच धापेच्या माणसाकडे बघून तर ते आणखी लवकर कळतं.

समुपदेशनाचंही तसंच आहे का? इथे उत्तर जरा सावधपणे द्यावं लागतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल इथे श्वसनविकारांच्या परिचारिकांना विचार आणि वर्तन बदलणाऱ्या उपचारपद्धतीचं प्रशिक्षण देण्यात आलं आणि चिंतेने ग्रासलेल्या सीओपीडीच्या रुग्णांना त्यांच्याकडून मोजक्या बैठका मिळाल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांची चिंता जास्त कमी झाली. पुढे ब्रिटनमध्येच 'टँडम' नावाची मोठी चाचणी झाली. तिच्यात अशाच उपचारांनी चिंता किंवा नैराश्यात ठळक फरक पडला नाही. धापेवर मनाची गोळीही आजमावून झाली. नैराश्यावरचं मिर्टाझापिन तीव्र धापेसाठी देऊन पाहिलं, आणि २०२४ साली निष्कर्ष आला की नुसत्या धापेसाठी त्याचा फायदा नाही. म्हणून सरसकट सगळ्यांना समुपदेशन किंवा सगळ्यांना गोळी असा मार्ग नाही. ज्याला नैराश्य आहे त्याला नैराश्याचे उपचार, ज्याला भीतीचे झटके येतात त्याला त्यांवरचे, आणि जवळपास सगळ्यांना चालण्याची संधी, असा हा हिशेब आहे.

काही उपाय मात्र इतके साधे आहेत की त्यांना उपाय म्हणावं का असं वाटतं. केंब्रिजमध्येच हातात धरायच्या छोट्या पंख्यावर एक चाचणी झाली आणि २०१० साली प्रसिद्ध झाली. ५० रुग्णांनी तो पंखा पाच मिनिटं चेहऱ्यावर आणि पाच मिनिटं पायावर धरला. चेहऱ्यावर वारा घेतला तेव्हा धाप कमी झाली. नाक आणि ओठांभोवतीच्या त्वचेला लागणारी गार हवा मेंदूला वेगळा निरोप देते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. जत्रेत मिळणारा बॅटरीचा पंखाही हे काम करतो, आणि साधा विंझणाही.

दुसरा उपाय ओठांचा. धाप लागली की बसावं, किंचित पुढे वाकावं, कोपरं गुडघ्यांवर टेकवावीत आणि खांदे सैल सोडावेत. नाकाने हळू श्वास घ्यावा आणि कपातला गरम चहा फुंकतो तसे ओठ करून, घेतल्याच्या दुप्पट वेळ सोडत राहावा. ओठ अर्धे मिटल्याने आत थोडा दाब टिकतो, हवेच्या वाटा लवकर मिटत नाहीत आणि अडकलेली हवा बाहेर पडायला वाव मिळतो. इथे भर सोडण्यावर आहे. घाबरलेला माणूस नेमकं उलट करतो, आणखी आणखी हवा आत ओढायला बघतो. भोवतालची माणसंही 'मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या' असं ओरडतात. 'सावकाश सोडा' हे शब्द घरातल्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावेत. कपालभातीसारख्या जोरकस क्रिया मात्र धाप लागलेली असताना करू नयेत, एरवीही डॉक्टरांना विचारूनच कराव्यात.

ब्रिटनमध्ये फुप्फुसांच्या रुग्णांचे गायनगट चालतात. गाण्यात श्वास सोडणं लांबतं, मापात राहतं, आणि आठवड्यातून एकदा घराबाहेर पडायचं निमित्तही मिळतं. आपल्याला त्यासाठी वेगळा गट काढायची गरज नाही. गावोगावी भजनी मंडळं आहेत. धापेमुळे आजींनी एकादशीचं भजन सोडलं असेल तर त्यांना टाळ हातात देऊन, भिंतीला टेकून, जमेल तेवढ्या ओळी म्हणायला बसवता येईल. उदबत्ती आणि धूप तेवढा दूर लावावा. डासांची कॉइलही, कारण बंद खोलीत ती जळते तेव्हा अतिसूक्ष्म कणांच्या बाबतीत कित्येक सिगारेटींइतका धूर सोडते.

घर हा या विषयाचा अर्धा भाग आहे. रात्री दोन वाजता खाटेच्या कडेला पाय सोडून बसलेला माणूस आणि दारात उभी असलेली त्याची बायको, ही दोघंही तेव्हा घाबरलेली असतात. फक्त एकाची भीती ऐकू येते. घरी प्राणवायूचं यंत्र असेल तर भीतीला वीजपुरवठाही जोडला जातो. रक्तातला प्राणवायू फार कमी झालेल्या रुग्णांना दिवसातले किमान १५ तास प्राणवायू दिल्याने आयुष्य वाढतं, हे १९८० आणि १९८१ सालच्या दोन चाचण्यांनी दाखवून दिलं. त्या १५ तासांत दिवे गेले तर काय, हा प्रश्न मात्र ग्रामीण महाराष्ट्रातल्या घराला पडतो. इन्व्हर्टर किती वेळ टिकेल, भरलेला जंबो सिलिंडर कुठे मिळेल, कोणाला फोन करायचा, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेलं असलं तरी रात्रीची झोप सुधारते. नाकाला नळी लावून दारात बसायची लाजही खरी असते. नातवंडांना नळी हाताळू दिली, ती कशासाठी आहे ते सांगितलं, की निदान घरातली लाज मोडते.

कोविडने घराघरात ऑक्सिमीटर आणला. काही रुग्ण दिवसातून वीस वेळा बोट त्यात घालतात. आकडा ९५ असूनही धाप लागू शकते, आणि ८९ असूनही लागणार नाही, कारण धाप नुसत्या प्राणवायूवर ठरत नाही. आकडा किती वेळा बघायचा आणि कितीच्या खाली गेला तर फोन करायचा, हे डॉक्टरांकडून एकदाच ठरवून घ्यावं. बाकीच्या वेळी यंत्र कपाटात असावं.

सेवा करणाऱ्याचंही बघायला हवं. आपल्याकडे ती बहुतेक वेळा बायको, सून किंवा मुलगी असते. तिचं बाहेर जाणं, झोप आणि नोकरी रुग्णाच्या श्वासाला बांधली जाते. महिन्यातले चार दिवस तरी दुसऱ्या कोणी रात्रपाळी करावी, हे कुटुंबाने बसून ठरवायला हवं. आणि एक अवघड बोलणंही आजार स्थिर असताना व्हायला हवं: पुढे श्वासाचं यंत्र लावायची वेळ आली तर रुग्णाला काय हवं आहे? हे बोललं तर तो खचेल, अशी भीती घरच्यांना वाटते. पण तोही रात्री जागा राहून हाच विचार करत असतो, फक्त एकट्याने.

शरीर आणि मन वेगळं काढून उपचार केले की काय होतं, हे या देशाने पाहिलं आहे. १९८४ सालच्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला. जे वाचले त्यांतल्या हजारोंची फुप्फुसं कायमची दुखावली. मदतीच्या पहिल्या टप्प्यात डोळे आणि छाती यांच्यावर सारा भर होता. मनाच्या उपचारांचं काम नंतर सुरू झालं, आणि तेव्हा दवाखान्यांत येणाऱ्यांत चिंता, नैराश्य आणि भीतीने ग्रासलेली माणसं मोठ्या संख्येने आढळली. मनोविकारतज्ज्ञ अपुरे होते. म्हणून तिथल्या साध्या डॉक्टरांनाच मनाचे आजार ओळखण्याचं आणि हाताळण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं, त्यासाठी माहितीपुस्तिकाही तयार झाली. चाळीस वर्षांपूर्वी संकटात जे जमलं, ते आज तालुक्याच्या ओपीडीत जमण्यासारखं आहे.

फुप्फुस पुनर्वसनाची केंद्रं आज बहुतांशी मोठ्या शहरांत आहेत आणि खर्चही बहुतेकांना खिशातून करावा लागतो. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, व्हरांडा आहे, आठवड्याला दोन दुपारी दहा रुग्ण चालायला जागा आहे. सुरुवातीला याहून जास्त काही लागत नाही. हे सुरू व्हावं असं आरोग्य खात्याकडे मागणं रास्त आहे. तोवर वाचणाऱ्याच्या हाताशी असलेली एक गोष्ट: १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा. १४४१६ हा तिचा क्रमांक. तिथे दिवसरात्र कधीही मराठीत बोलता येतं.

आणि छातीच्या डॉक्टरांना, फॅमिली डॉक्टरांना, आशाताईंना, घरच्यांना एक विनंती. यापुढे कोणी 'जीव घाबरतो' असं म्हटलं, की छाती तपासून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: "तेव्हा मनात काय येतं?" उत्तर येईपर्यंत थांबा, आणि जे येईल ते केसपेपरवर लिहा.